परिसराचा पॉडकास्ट सुरू करताय? या चुका टाळा

सिनेमावरच्या पॉडकास्टमध्ये ज्याच्याविषयी बोललं जातं तो आणि ऐकणारा यांची सहसा गाठ पडत नाही. परिसराच्या पॉडकास्टमध्ये ती रोज पडते. ज्यांच्याविषयी बोललात ते ऐकतात, त्यांचे शेजारी ऐकतात, आणि काही चुकीचं गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी रस्त्यात थांबवून सांगतात. अशा पॉडकास्टचं बिनसतं ते बहुतेक वेळा हे विसरल्यामुळे. माइक साधा होता म्हणून बंद पडलेला पॉडकास्ट माझ्या तरी ऐकिवात नाही.

विषय 'सगळं काही' ठेवणं

'आमच्या परिसराविषयी सगळं काही' असं म्हणून सुरुवात केली की पहिल्या तीन-चार भागांत इतिहास संपतो, ओळखीचे पाहुणे संपतात आणि 'पुढच्या वेळी कुणाला बोलवायचं?' हा घोर लागतो. त्यापेक्षा एक प्रश्न धरा. या वस्तीत पाण्याची लाइन कशी आली, त्यासाठी कोण कुणाशी भांडलं? इथले कोणते धंदे बंद पडले आणि ती माणसं आता काय करतात? एका प्रश्नावर सहा भाग करा, थांबा, मग पुढचा घ्या. 'दर सोमवारी नवा भाग' असं जाहीर करून गायब होण्यापेक्षा सांगून घेतलेली सुट्टी श्रोत्यांना चालते. आणि जाहीर करण्याआधी तीन भाग पूर्ण तयार ठेवा. तासाभराच्या मुलाखतीचं एडिटिंग तासाभरात होत नाही, हे तेव्हाच कळतं.

पाहुणे तेच ते, प्रश्नही तेच ते

यादी करायला बसलं की आधी पदाधिकारी आठवतात, मग पुरस्कार मिळालेले. त्यांना बोलवू नये असं नाही, पण त्यांची उत्तरं भाषणं देऊन देऊन घोटून तयार असतात. वर्षानुवर्षं टपाल वाटणारा माणूस, रात्रपाळी करणारी नर्स, मागच्या वर्षी राहायला आलेलं कुटुंब यांना सहसा कुणी विचारलेलं नसतं.

विचारायचं कसं, यात मात्र खरी गोम आहे. 'आपल्या कार्याविषयी सांगा' म्हटलं की समोरून कार्य-अहवाल येतो. 'पूर आला त्या रात्री तुम्ही कुठे होतात? घरातून आधी काय उचललंत?' असं विचारलं की माणूस त्या रात्रीत जातो. उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात तीन अंक मोजा. पुष्कळदा सांगण्यासारखं वाक्य त्या थांब्यानंतरच येतं. मध्ये मध्ये 'हो, हो, बरोबर' म्हणायची सवय असेल तर ती मोडा, नुसती मान हलवा. नाहीतर एडिटिंगला बसल्यावर तुमचेच हुंकार काढता काढता जीव मेटाकुटीला येईल.

आठवणीतल्या तारखांवर विसंबू नका. जुनी वर्तमानपत्रं, शाळेचं रजिस्टर, ग्रंथालयातले अंक यांच्याशी पडताळा. दोन जणांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवा आणि जुळत नाहीत हे सांगा. नव्याने आलेले आणि गाव सोडून गेलेले हेही तुमचे श्रोते असतात, त्यामुळे 'जुन्या पिंपळापाशी' एवढ्याने भागत नाही. तो पिंपळ कुठे होता, हे एका वाक्यात सांगावं लागतं.

आवाजाच्या तक्रारी

आवाज घुमतो? माइक लांब आहे किंवा खोली रिकामी आहे, बहुधा दोन्ही. मोकळा हॉल, सभागृह टाळा. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेली लहान खोली बरी. माइक तोंडापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, किंचित बाजूला ठेवा, म्हणजे 'प', 'फ'चे फटकारेही बसणार नाहीत. घुमणारा आवाज नंतर पूर्णपणे नीट करणं अवघड जातं. पंख्याची घरघर कमी करता येते, पण ते फिल्टर जास्त दाबलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. म्हणून रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवा आणि अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. कापलेल्या जागा बुजवायला तीच शांतता वापरता येते.

आवाज फाटतो? लेव्हल जास्त आहे. बोलताना काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या; तो शून्याला भिडला की आवाजाचा माथा कापला जातो आणि तो पूर्णपणे परत येत नाही. पाहुणे हसतात तेव्हा हमखास फाटतो, म्हणून चाचणी घेताना त्यांना हसवा.

ब्लूटूथ इअरफोनच्या माइकवर मुलाखत घेऊ नका. त्याचा माइक सुरू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज फोनवरच्यासारखा होतो. तारेचा इअरफोन चालेल. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आधी एअरप्लेन मोड लावा. ऐन रंगात कॉल आला की रेकॉर्डिंग तुटू शकतं. दोन फोन वापरलेत तर सुरुवातीला एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्हीकडच्या टाळीचे उंचवटे जुळवले की आवाज जुळतो.

एक भाग मोठ्याने, दुसरा हळू, ही तक्रार कायम येते. तयार फाइल स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) असेल तर उणे १६ एलयूएफएस (कानाला एकूण किती मोठं वाटतं याचं माप), मोनो (दोन्हीकडे एकच आवाज) असेल तर उणे १९ वर आणा, आवाजाचं शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होतं.

परवानगी गृहीत धरणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. 'ओळखीचेच आहेत, काय विचारायचं?' म्हणून लोक पुढे जातात. पाहुण्याला मुलाखतीआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि लेखी घ्या: हे कुठे प्रसारित होणार, त्याचे छोटे तुकडे वापरले जाणार का, आणि 'हे वगळा' असं कधीपर्यंत सांगता येईल. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी हवीच. शिवाय शाळा आणि घराचा रस्ता कळेल असं काही ठेवू नका.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा लहान जागेतला मोठा भ्रम. आवाज, धंदा आणि गल्ली एवढ्यावर लोक माणूस ओळखतात. खरंच लपवायचं असेल तर त्या व्यक्तीचे शब्द दुसऱ्याच्या आवाजात वाचून घ्या आणि तपशील गाळा.

पाहुण्याने तिसऱ्यावर आरोप केला तर प्रसारणाआधी त्या तिसऱ्याची बाजू विचारा. 'आरोप त्यांनी केला, आम्ही फक्त ऐकवला' ही ढाल कायद्यापुढे फारशी टिकत नाही आणि गल्लीत तर अजिबातच नाही. चूक गेलीच तर त्याच भागाची ऑडिओ फाइल बदला, पण भाग डिलीट करून नव्याने टाकू नका. काही अॅपमध्ये तो नवा भाग म्हणून पुन्हा येतो. ज्यांनी आधीच डाउनलोड केलं त्यांच्याकडे जुनीच प्रत राहते, म्हणून पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती बोलून दाखवा.

गाण्यांचं थोडक्यात: 'परवानगीशिवाय दहा सेकंद चालतात' असा कोणताही नियम नाही.

श्रोते अॅपवर येतील असं मानणं

तुमच्या परिसरातल्या पुष्कळ जणांकडे पॉडकास्टचं अॅप नसेल. ब्राउझरमध्ये थेट उघडणारी लिंक पाठवा, ग्रंथालयात एकत्र ऐकण्याचा कार्यक्रम करा. आकड्यांवरून मात्र फार हुरळून जाऊ नका, खट्टूही होऊ नका. जाहिरात क्षेत्राच्या रूढ नियमांनुसार एका मिनिटाचा ऑडिओ उतरला की डाउनलोड मोजलं जातं, त्यामुळे ते ऐकलंच असं नाही. उलट ग्रुपवर फिरलेली फाइल कुठेच मोजली जात नाही.

फीड एकाच माणसाच्या हातात

फीड म्हणजे तुमचे भाग अॅपपर्यंत पोहोचवणारी ऑनलाइन यादी. तिचा ईमेल आणि पासवर्ड एका उत्साही कार्यकर्त्याकडे, आणि तो नोकरीसाठी बाहेरगावी. अशाने चालू पॉडकास्ट अडकतो. ईमेल सामायिक ठेवा, पासवर्ड दोघांकडे. होस्टिंग (भागांच्या फाइल जिथे ठेवल्या जातात ती सेवा) बदलायचं झालं तर जुन्या फीडवरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलला, असं सांगून नव्या पत्त्यावर वळवणारी सूचना) लावा आणि तो निदान महिनाभर काढू नका, नाहीतर जुने श्रोते तिथेच राहतात. २०२४ मध्ये गुगल पॉडकास्ट्स बंद झालं, पण ज्यांचं फीड स्वतःच्या ताब्यात होतं त्यांना काही हलवावं लागलं नाही. श्रोत्यांनी फक्त अॅप बदललं. मूळ, न कापलेली रेकॉर्डिंग मात्र होस्टिंगवर नसतात. त्यांच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात, आणि फाइलच्या नावातच तारीख, व्यक्ती आणि विषय लिहा.