जीपचा जाम झालेला मागचा हब: घरी बनवलेल्या पुलरने कसा काढावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात अजूनही कुणाच्या शेडमध्ये महिंद्राची जुनी सीजे-३बी उभी असते. कधी वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला, पळालेली, कधी उसाच्या फडात राबलेली. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर मागचे ब्रेक उघडावेच लागतात, आणि तिथेच काम अडतं: ब्रेकचा ड्रम निघत नाही.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे घण उचलावासा वाटणार नाही. मागच्या अॅक्सलचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) टोक निमुळतं, म्हणजे टेपर आहे. त्यावर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, घट्ट बसतो, खाचेत बसवलेली लोखंडी चावी त्याला अॅक्सलवर सुटं फिरू देत नाही आणि बाहेरून खाचांचा नट त्याला आत दाबून धरतो. ड्रम हबलाच स्टडनी (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांनी) जोडलेला असल्याने दोन्ही एकत्रच निघतात. इतक्या वर्षांच्या दाबावर आमच्याकडचा पाऊस आणि तांबडा चिखल यांनी गंजाची भर घातली की टेपर वेल्डिंग केल्यासारखा धरतो.

अॅक्सलच्या टोकावर घण मारू नका. दोन्ही बाजूंचे अॅक्सल मध्ये डिफरन्शियलपाशी (दोन्ही चाकांना गती वाटणाऱ्या गियरपाशी) एका ठोकळ्यावर टेकतात, त्यामुळे बाहेरचा घाव थेट त्या ठोकळ्यावर आणि बेअरिंगवर जातो. ड्रमच्या कडेला बाजारातला तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) लावणंही चुकीचंच. ड्रम बिडाचा असतो, त्याची कड तडकते. ओढायचं ते चाकाच्या स्टडना धरून.

स्टड पाच आहेत. पाचात समोरासमोरची जोडीच नसते, म्हणून सरळ पट्टी दोन स्टडवर लावली तर ओढ तिरकी पडते. गोल प्लेटच हवी. पाच स्टडचं वर्तुळ साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाचं, आणि शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर ८२ मिमी. तरी पुठ्ठा स्टडवर दाबून ठसा घ्या आणि त्याच ठशावरून भोकं पाडून घ्या.

बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाला आणि लेथवाला जवळजवळ मिळतात. त्यांच्याकडून हे करून घ्या. १६ मिमी जाडीची, साधारण १८० मिमी व्यासाची लोखंडी प्लेट घ्या. तिला पाच भोकं आणि हबचं नाक (पुढे आलेला मधला भाग) मोकळेपणी जाईल एवढं मधलं भोक पाडा. त्यावर जाड पाइपचा तुकडा उभा वेल्ड करा. तुकडा हबच्या नाकावर सहज बसला पाहिजे आणि बाहेरून चाकाच्या नटांवर पाना फिरायला जागा राहिली पाहिजे. नाकाची उंची मोजा, नट आणि बोल्टच्या टोकासाठी जागा धरून पाइप त्याहून लांब ठेवा. वर २० मिमी जाडीचं झाकण, मध्ये एम२० (२० मिमी जाडीच्या) बोल्टचं भोक.

या बोल्टचा नट झाकणाच्या आतल्या, अॅक्सलकडच्या बाजूला वेल्ड करा. बोल्ट अॅक्सलला रेटतो तेव्हा नट बाहेर ढकलला जातो. तो आत असेल तर झाकणावरच टेकतो, आणि त्याच्या वेल्डिंगवर ताण येत नाही. बाहेर लावलेला नट तुटून उडू शकतो. बोल्ट ८.८ ग्रेडचा घ्या. त्याचं टोक लेथवर १२ मिमीपर्यंत उतरवून निमुळतं करा, म्हणजे ते अॅक्सलच्या टोकाला मध्यभागी असलेल्या खळीत बसेल.

आता काढायचं काम. चाक जमिनीवर असतानाच खाचांच्या नटाला अडवणारी पिन काढून अॅक्सलचा नट ढिला करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसपाशी (गियरबॉक्समागच्या गियरच्या डब्यापाशी) शाफ्टवर असतो, एक मागचं चाक उचललं की त्याचा भरवसा नाही. अॅक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) ठेवूनच चाक काढा. डाव्या बाजूच्या स्टडवर किंवा नटावर ‘एल’ दिसला तर आटे उलटे आहेत, नट उलट फिरवून ढिला करा. मग ब्रेकशूचं अॅडजस्टमेंट पूर्ण सैल करा, नाहीतर झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेत शू अडकून राहतात.

अॅक्सलचा नट पूर्ण काढू नका. अॅक्सलच्या टोकाशी सपाट येईल इतकाच मागे घ्या. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून सुटतो आणि तो जड ड्रम त्या नटावरच अडतो. आटेही वाचतात.

पुलर गाडीच्याच नटांनी पाचही स्टडवर सारखा आवळा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. पान्याला एक मीटरचा पाइप घालून २० किलोचा जोर लावलात तरी टोकावर अंदाजे ५ टन दाब येतो. एवढं देऊन थांबा. टेपरच्या बाहेरच्या कडेला गंज सोडवणारं तेल थोडंसंच सोडा, ब्रेकशूच्या लायनरवर जाऊ देऊ नका. ताण तसाच ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी पाव फेरा द्या. तरी हलला नाही तर बोल्टच्या डोक्यावर मध्यम हातोडीचा एक नेमका ठोका द्या. पुलरच्या रेषेत समोर उभं राहू नका, बाजूने काम करा. गॅसची ज्योत मी शेवटपर्यंत टाळतो, कारण आत ग्रीस आणि ऑइल सील आहे.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

परत बसवताना दोन्ही टेपर कोरडे पुसा, ग्रीस लावू नका. चावी झिजलेली वाटली तर नवीच घाला, ढिली चावी अॅक्सलची खाच खाते. नट किमान १५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण २०० न्यूटन-मीटर आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर आणखी आवळून पुढच्या खाचेवर न्या, मागे कधीच घेऊ नका. थोडं अंतर गाडी चालवून झाली की पिन काढून नट पुन्हा एकदा तपासा आणि नवी पिन घाला.