पिंपल्सची दोन औषधं आणि नेहमीच्या चुका

सॅलिसिलिक अ‍ॅसिड काय आणि बेन्झॉईल पेरॉक्साइड काय, दोन्ही पिंपल्सचीच, मग कुठलंही द्या! कुडाळला मेडिकलच्या काउंटरवर हे रोज ऐकतो. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून रोमछिद्रात उतरून तिथला चिकटा सैल करतं. नाकावरचे काळे ठिपके, कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या, यांना ते घ्या. बेन्झॉईल जंतू मारतं. लाल, दुखरे, पू धरलेले पिंपल्स असतील तर ते. आधी आरशात नीट बघा, मग दुकानात या.

सगळ्यात वाईट घाई, आणि चतुर्थीच्या तोंडावर तिला ऊत येतो. कॉलेजातली एक मुलगी सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि बेन्झॉईलची ५ टक्क्यांची जेल घेऊन गेली. "एका वेळी एकच गो बाय," मी बजावलं होतं. पण गणपती आठवड्यावर आलेले. तिने दोन्ही सकाळ-संध्याकाळ लावली, वर लिंबाचा रस चोळला. हरतालकेला आली ती ओढणीने तोंड झाकून. "काका, तोंड नुसता जळता ओ." नाकाच्या कडेची सालं निघालेली, हनुवटी लालभडक, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा. सगळं बंद करायला लावलं, फक्त सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर ठेवलं. दीड दिवसाचे गणपती गेले तरी लाली होतीच.

मी नवख्याला बेन्झॉईलची २.५ टक्क्यांचीच जेल देतो. ती १० टक्क्यांच्या तोडीचं काम करते आणि चेहऱ्याची आग मात्र कमी होते. एक दिवसाआड, रात्री, पातळ थर. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल तर पैसे घालवू नका.

बेन्झॉईलने कापडाचा रंग उडतो, उशीला पांढरा अभ्रा घाला.

केसांना चप्प खोबरेल लावून झोपायचं आणि कपाळासाठी औषध मागायचं, हे थांबवा.

घाम येतो म्हणून सारखा फेसवॉश नको. दोनदा पुरे, एरवी नुसतं पाणी.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक टाळा. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मैत्रिणीची गोरं करणारी ट्यूब पिंपल्सवर अजिबात नको. तसल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, सोडली की पिंपल्स उसळून येतात. महिनोन्महिने वापरली असेल, तर ती ट्यूब सोबत घेऊन सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.