कंपनीची आचारसंहिता फलकावरच का राहते? या चुका टाळा

‘आचारसंहिता लागू’ असा कागद मी पहिल्यांदा कारखान्याच्या फलकावर डकवला, तेव्हा कांडीवरच्या (मागासाठी सूत गुंडाळायच्या कामावरच्या) एका अक्कांनी विचारलं, “कुठलं इलेक्शन लागलं ओ साहेब?” सगळे हसले, मीही हसलो. तिसऱ्या महिन्यात परदेशी ग्राहकाचा ऑडिटर आला. त्यानं एका मागवाल्या अण्णांना आचारसंहितेवरची त्यांचीच सही दाखवून विचारलं, ही कशाची? अण्णा म्हणाले, “बोनसची असंल.” त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामगार विभाग बरीच वर्षं सांभाळला. आता तीन-चार छोट्या कारखान्यांना याच कामात मदत करतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, उरलेल्या जवळून बघितल्यात.

कागद इंग्रजी, अंगठा कामगाराचा

ग्राहकाकडून आचारसंहितेचा आठ पानांचा इंग्रजी मसुदा येतो. आपण वर कंपनीचं नाव टाकतो, खाली सहीचा तक्ता जोडतो आणि पाळी सुटताना गेटवर रांग लावतो. अर्ध्या तासात शंभर सह्या होतात, आणि काम झालं असं आपल्याला वाटतं.

सोलापूरच्या मागांवर तेलुगू, मराठी, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा एकाच छताखाली चालतात. कितीतरी जणांना बोलायला मराठी येतं, पण वाचायला तेलुगू सोपं जातं. म्हणून मसुदा दोन पानांवर आणा, मराठी आणि तेलुगू दोन्हीत छापा, आणि नाव ‘कामावर वागायचे नियम’ असं साधं ठेवा. सही घेण्याआधी माग बंद करून पंधरा मिनिटं वाचून दाखवा. मालकाला ती पंधरा मिनिटं जड जातात, हे मला ठाऊक आहे. वाचून झाल्यावर दोन-चार जणांना उलट विचारा: “मुकादमानं हजेरी लावायला पैसे मागितले तर कुणाकडं जायचं?” उत्तर आलं नाही, तर सही घेऊन उपयोग नाही.

नियमही मोघम नकोत. ‘प्रामाणिकपणे वागावे’ यातून कुणाला काही कळत नाही. ‘चिंधी आणि भंगार गेटपासशिवाय बाहेर जाणार नाही, वजन दोघांसमोर होईल’ हे कळतं.

“ती माणसं ठेकेदाराची, आमची नाहीत”

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. हेमिंग (टॉवेलच्या कडा शिवणं), पॅकिंग, हमाली, सिक्युरिटी, कॅन्टीन ही कामं ठेकेदाराकडं असतात. आचारसंहिता मात्र पगारपत्रकावरच्या लोकांसाठीच लिहिलेली. ठेकेदाराला तिची एक प्रत करारासोबत टोचून दिली जाते आणि तो ती फाइलमध्ये तशीच ठेवतो. कारखान्यातले निम्मे हात त्या नियमांच्या बाहेर राहतात.

कायदा असं वेगळं धरत नाही. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. त्यामुळं ‘आम्ही फक्त काम दिलंय’ हे उत्तर ना अधिकाऱ्यासमोर टिकतं, ना ग्राहकासमोर.

एकदा आम्ही हौसेनं दर महिन्याला पीएफचं चलन मागायला सुरुवात केली. पॅकिंगचा ठेकेदार न चुकता आणून द्यायचा. वर्षभरानं एका पोरीनं मोबाइलवर आपलं पीएफचं पासबुक उघडलं, तर आत शून्य. चलन खरं होतं, रक्कमही भरलेली होती, पण ती त्याच्या दुसऱ्या साइटवरच्या माणसांची! दोष माझाच. मी आकडा बघायचो, नावं नाही. तेव्हापासून चलनासोबत ईसीआर, म्हणजे कुणाच्या नावावर किती पीएफ भरला त्याची यादी घेतो आणि आमच्या गेटच्या हजेरीशी ताडून बघतो. महिन्याला पाच मजुरांना त्यांच्याच मोबाइलवर पासबुक उघडून दाखवायला सांगतो. तासाभराचं काम आहे.

उचलीचंही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडं ती इतकी सवयीची आहे की कुणाला त्यात गैर दिसत नाही. लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला उचल घेतली जाते. देणं वाईट नाही. पण ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडं जायचं नाही’ म्हटलं, आधार कार्ड किंवा पासबुक अडकवून ठेवलं, की मामला वेठबिगारीकडं झुकतो, आणि त्यासाठी १९७६ पासून स्वतंत्र कायदा आहे. उचलीची नोंद दोन प्रतींत करा, एक मजुराकडं द्या. हप्ता किती आणि कधी ते त्यात लिहा. मूळ कागदपत्रं बघा आणि तिथल्या तिथं परत करा.

वयाबद्दल थोडक्यात: १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, १८ खालच्याला धोक्याच्या कामावर नाही. ठेकेदार आधार कार्ड दाखवतो, तुम्ही शाळेचा दाखलाही मागा. तिथंही सगळ्यांची जन्मतारीख १ जून दिसली तर चेहरा बघून आणखी दोन प्रश्न विचारा.

दोन हजेऱ्या

ऑडिटसाठी एक वही आणि खरी एक, हा खेळ किती कारखान्यांत चालतो ते सांगायला नको. कायद्यानं आठवड्याला ४८ तास, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. बहुतेक परदेशी ग्राहक जादा काम धरून ६० तासांवर थांबतात. आपल्याकडं बारा तासांची पाळी, म्हणजे हिशेब जमत नाही. मग वही ‘जमवली’ जाते आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी कामगारांकडून उत्तरं पाठ करून घेतली जातात.

ऑडिटरला हे कळतं. तो हजेरीसोबत मागावरची उत्पादनाची वही, डाईंगची (रंगाईची) बॅच नोंद, गेटचं रजिस्टर, विजेचं बिल बघतो. रविवारी सुट्टी लिहिली असेल आणि त्याच तारखेला तीन बॅच निघाल्या असतील, तर वेगळा पुरावा कशाला हवा? बहुतेक ग्राहक जादा तासांबद्दल सुधारणेला मुदत देतात, खोट्या वहीला सहसा देत नाहीत. तुमच्याकडं आत्ता दोन वह्या असतील तर खरी वही दाखवून, तास कमी करायचा सहा महिन्यांचा आराखडा सोबत द्या. पहिलं ऑडिट वाईट जाईल, त्याला तयारी ठेवा. आणि कामगाराला खोटं बोलायला लावणं हाच आचारसंहितेचा सगळ्यात मोठा भंग, तोही कामगार विभागाकडून. मी हे केलेलं आहे, म्हणून लिहितोय.

शेंगा चटणी आणि मोबाइल एकाच रांगेत

सोलापुरात रिकाम्या हातानं कुणाकडं जायची रीत नाही. शेंगा चटणीचा पुडा असतो, कडक भाकरी असते, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत तिळगूळ असतो. अशा गावात ‘कोणतीही भेट स्वीकारू नये’ असं लिहिलं की लोक चटणीही लपवून घेतात आणि मोबाइलही. दोन्हींतला फरक मात्र पुसला जातो.

मर्यादा आकड्यात ठेवा, पाचशे म्हणा, हजार म्हणा. रोख आणि सोनं कधीच नाही. दर ठरवायची बोलणी चालू असताना मर्यादेतलीही भेट नाही. मर्यादेवरचं जे काही येईल ते रजिस्टरला लिहून परत, आणि मिठाई असेल तर थेट कॅन्टीनमध्ये. ठेकेदारांना दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पत्र पाठवा. बरेच जण मनातून सुटल्यासारखे होतात, कारण खर्च त्यांचाच वाचतो.

नात्यागोत्याचं तसंच. सूत खरेदी करणाऱ्याच्या मेहुण्याची सूत एजन्सी असणारच, सोलापूर केवढं ते! त्यानं वर्षाच्या सुरुवातीला तसं लिहून द्यावं, आणि त्या एजन्सीच्या दराची फाइल दुसऱ्यानं मंजूर करावी. इतकं पुरतं.

जाता जाता: बाहेरगावाहून आलेल्या मालावर पॅकिंगवाल्याकडून ‘सोलापुरी चादर’चं लेबल चिकटवून घेणं यालाही काही जण धंद्यातली हुशारी म्हणतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं. खोटं लेबल लावल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चहापाणी कन्सल्टंटच्या बिलात

परवान्याचं काम अडलं की आपण एजंट धरतो, आणि त्याच्या बिलात ‘किरकोळ खर्च’ अशी एक ओळ येते. ती ओळ कशाची, हे कुणी विचारत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीसाठी काम करणाऱ्या कुणीही, मग तो बाहेरचा एजंट का असेना, कंपनीच्या फायद्यासाठी पैसे दिले तर कंपनीही अडकते. हे रोखायला आपण पुरेशी व्यवस्था केली होती, हे दाखवता आलं तरच बचाव उरतो. म्हणून पावती नसलेली ओळ असेल तर बिल परत पाठवा. कुणी जबरदस्तीनं पैसे घेतलेच, तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

तक्रारपेटी साहेबांच्या केबिनसमोर

एका कारखान्यात तक्रारपेटी बघितली, सुंदर, स्टीलची. वर सीसीटीव्ही, समोर मॅनेजरची केबिन, किल्ली मॅनेजरकडंच. तीन वर्षांत एकही चिठ्ठी नाही, म्हणून मालक खूश. पेटी स्वच्छतागृहाच्या वाटेवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ लावा, एक किल्ली कामगार प्रतिनिधीकडं द्या, आणि चिठ्ठ्यांवर काय केलं ते नावं न घेता महिन्यातून एकदा सांगा. पहिल्या महिन्यात पंख्याच्या आणि चहाच्या तक्रारी येतात. त्या सोडवा. मोठ्या तक्रारी त्यानंतर येतात.

लैंगिक छळाच्या तक्रारींचा मार्ग वेगळा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणं अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. आपल्याकडं होतं काय, तर समिती फलकावर असते आणि त्यातल्या अर्ध्या बायकांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं.

दुसरी चूक याहून वाईट. ठेकेदाराकडची बाई तक्रार घेऊन आली की “तुझ्या ठेकेदाराला सांग” म्हणून परत पाठवतात. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्या या कायद्यात येतात. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि मालकानं ६० दिवसांत कारवाई करायची. तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

तिसरी चूक मालकांच्या चांगुलपणातून होते. “मिटवून टाकू, काहीतरी देऊन टाकू.” समेट फक्त त्या बाईनं स्वतः मागितला तरच करता येतो, आणि पैशाच्या बदल्यात तर करताच येत नाही.

तक्रार आलीच, आता काय?

पहिल्या दिवशी चौघांना बोलावून ‘कुणी सांगितलं’ याचा शोध सुरू करू नका. बाकीचे गप्प होतात, आणि ज्यानं सांगितलं त्याचा आठवड्यात पाळीबदल झाला की गप्प राहिलेल्यांना आपण बरोबर होतो असं वाटतं. आधी कागद सुरक्षित करा: गेट रजिस्टर, सीसीटीव्हीचं फूटेज (बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांत पुसलं जातं), बिलं, मोबाइलवरचे मेसेज. मग ज्याच्यावर तक्रार आहे त्याला लेखी कळवा आणि त्याचं म्हणणंही लेखी घ्या. चौकशी त्याच्या हाताखालच्या माणसाकडं देऊ नका.

हमालानं चिंधी नेली की त्याच दिवशी काम बंद, आणि स्टोअरच्या साहेबांनी कमिशन खाल्लं की ‘समज देऊन सोडलं’, असं झालेलं सगळ्या मागांना संध्याकाळपर्यंत कळतं. कोणत्या चुकीला काय शिक्षा, हे हुद्दा न बघता आधीच लिहून ठेवा.

चूक ठेकेदाराची निघाली तर रागात त्याचं अख्खं बिल अडवू नका. तो मजुरांचा पगार थांबवतो, आणि चार दिवसांनी गेटवर उभी राहतात ती हेमिंगच्या बायका. मजुरीची रक्कम वेगळी काढून थेट त्यांच्या खात्यात भरा, वाद उरलेल्या रकमेवर घाला.