तेराव्याच्या फोटोसाठी कागदी निशिगंधाचा हार

अंत्ययात्रेत ताजीच फुलं वाहावीत. कागदी हार करायचा तो फोटोसाठी: तेराव्याला, शोकसभेला आणि पुढे वर्षश्राद्धापर्यंत भिंतीवर राहील असा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा खरा निशिगंध संध्याकाळपर्यंत मान टाकतो. दहाव्याआधी फोटोला हार घालायचा की नाही, याची रीत घरोघरी वेगळी. आधी वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.

१२ × १८ इंचाच्या फोटोला पांढऱ्या आणि पिवळ्या क्रेप (बारीक सुरकुत्यांच्या) कागदाची एक-एक गुंडाळी पुरून उरते. लाल कागद टाळा. फोटोला गंध लावताना पाण्याचा थेंब पडला तरी त्याचा रंग सुटतो आणि पांढऱ्या फुलांवर डाग पडतात. ओवायला सुती दोराच हवा, नायलॉन कागद कापत जातो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी कांडीवरचं सूत असतंच, ते चार पदरी करून घ्या. शिवाय लांब सुई, फेविकॉल, कात्री आणि पेन्सिल.

सगळं गणित कागदाच्या सुरकुत्यांचं आहे. सुरकुत्या पाकळीच्या देठापासून टोकाकडे गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर पाकळी वळत नाही, ओढली की फाटते.

निशिगंधासाठी सुरकुत्यांच्या दिशेने ४ सेंमी आणि आडवा ६ सेंमी असा तुकडा कापा. सहा सेंमीच्या एका कडेला दीड सेंमी खोल चिरा देऊन सहा टोकं काढा. तुकडा पेन्सिलीवर गुंडाळा, कडेला फेविकॉलचं फक्त बोट लावा आणि पेन्सिल काढून खालचं टोक पिळा. फेविकॉल जास्त झाला की कागद भिजून लोळागोळा होतो आणि वाळल्यावर इतका कडक, की सुई शिरत नाही. मग टोकं कात्रीच्या बोथट बाजूवरून ओढून बाहेर वळवा. हे काम मुलं छान करतात. अशी ४५ फुलं लागतील: ३० हाराला, १५ गोंड्याला.

शेवंती सात. पट्टी ५ सेंमी रुंद, ४० सेंमी लांब, सुरकुत्या रुंदीच्या दिशेने. साडेतीन सेंमी खोल, अर्ध्या सेंमीवर चिरा देत जा. खालचा दीड सेंमी अखंड ठेवा, नाहीतर गुंडाळताना पाकळ्या सुटतात. गुंडाळून बूड दोऱ्याने बांधा आणि पाकळ्या बाहेरच्या फेरीपासून आत उघडत या.

ओवताना बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. सलग एकच सर ओवली की हार घातल्यावर एका बाजूची फुलं खाली तोंड करतात, दुसरीकडची वर. म्हणून दोन सरी वेगळ्या करा आणि प्रत्येक सर खालून वर ओवा. सुई फुलाच्या तोंडातून आत, पिळलेल्या देठातून बाहेर. त्या देठावर पुढच्या फुलाचं तोंड दीडेक सेंमी चढवा. आधी एक शेवंती, तिच्यावर पाच निशिगंध, असं तीनदा. सर सुमारे ४५ सेंमी होते. दर शेवंतीच्या बुडाला दोऱ्याचा एक वेढा देऊन गाठ मारा, नाहीतर दोन दिवसांत सगळी फुलं घसरून खाली गोळा होतात आणि वर नुसता दोरा दिसतो. आवळून मात्र ओवू नका. हार काठीसारखा ताठ राहतो, फोटोवर वळत नाही.

खाली दोन्ही सरींचे २५-२५ सेंमी दोरे सोडलेले असावेत. ते एकत्र गाठून उरलेल्या शेवंतीतून बुडाकडून खाली काढा आणि त्यांना पाच-पाच निशिगंधांच्या तीन लडी बांधा. झाला गोंडा.

समई, निरांजन, उदबत्ती हारापासून किमान दोन हात लांब आणि पंखा बंद. यात सवलत नाही. क्रेप कागद पेटला की विझवायला वेळच मिळत नाही.

पुढे धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं नको. पावसाळ्यात पाकळ्यांचे वळसे सैल पडतात, ते पुन्हा कात्रीवरून ओढून घ्यावेत. हार उतरवल्यावर भीमेत किंवा सिद्धेश्वर तलावात सोडू नका, कागदाचा रंग पाण्यात उतरतो. यात तार वापरलेली नाही, त्यामुळे दोरा काढून कागद रद्दीत देता येतो.