अ‍ॅम्बॅसडरच्या ब्लॉकला ड्रेन कॉक बसवताय? या चुका टाळा

रेडिएटरखालचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, उघडला, पाणी वाहून गेलं, नवीन कूलंट ओतलं, की काम झालं असं बरेच जण धरून चालतात. जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या 1489 सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनात एवढ्याने काम अर्धंच होतं. ब्लॉकमधलं, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातलं, खालचं पाणी रेडिएटरवाटे उतरत नाही. गंज, क्षार, ओतकामात राहून गेलेली वाळू असा सगळा गाळ ब्लॉकच्या तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती साचतो. मग गाडी घाटात तापू लागते. आपण थर्मोस्टॅट बदलतो, पंप बदलतो, आणि गाळ जागच्या जागी राहतो.

या इंजिनाचं मूळ इंग्लंडचं. तिथे थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून लोक रात्री ते काढून टाकत, त्यासाठी ब्लॉकला कॉक असे. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्नच नाही, म्हणून कॉक गळायला लागला की तिथे प्लग, म्हणजे आट्यांचा बूच, बसवून मोकळं व्हायची पद्धत पडली. खरं तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलेल्या आपल्या गाड्यांनाच त्या कॉकची जास्त गरज आहे.

आटे न मोजता कॉक आणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. या ब्लॉकवरच्या कॉकच्या भोकाचे आटे पाव इंची बीएसपीचे (ब्रिटिश पाइपच्या मापाचे), म्हणजे इंचाला 19. बाजारात त्याच मापाच्या नावाने एनपीटी (अमेरिकन पाइपच्या मापाचा) कॉकही मिळतो, त्याचे इंचाला 18. आपल्याकडे दोन्ही सर्रास सापडतात, कारण विलीज जीपसारखी अमेरिकन घराण्यातली इंजिनंही इथे भरपूर चालली. दोन्ही कॉक हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही.

मी एकदा असाच दुकानदाराच्या शब्दावर कॉक आणला. दोन फेऱ्या हाताने सहज गेला, तिसऱ्या फेरीला अडकला. आटे गंजले असतील असं समजून मी पाना लावला. कॉक बसला, पण पाणी भरताच बुडातून थेंब धरू लागला. काढून पाहिलं तर पितळेचे पहिले तीन आटे एका बाजूने सपाट झाले होते. त्या दिवशी पितळ हरलं म्हणून ब्लॉक वाचला. कॉक पोलादी असता तर ब्लॉकच्या बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आटे गेले असते. तेव्हापासून आट्यांचं गेज खिशात घेतल्याशिवाय मी दुकानात जात नाही. गेज नसेल तर जुना प्लग सोबत न्या आणि दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. सहाव्या आट्यापर्यंत जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, मधून उजेड दिसतो.

इंजिन बदललेलं असेल, म्हणजे तुमच्या गाडीत नंतरचं इसुझू असेल, तर हे माप धरू नका. जुना प्लग काढून मोजा.

टेपर कॉक आवळत सुटणं

सरळ आट्यांचा कॉक खांद्याखालच्या तांब्याच्या किंवा फायबरच्या वायसरवर पाणी अडवतो. टेपर कॉक आट्यांवरच अडवतो आणि पाचरीसारखा आत शिरतो. बीड ताण सहन करत नाही. कॉकभोवतीचा उंचवटा तडकला तर तो वेल्डिंगने नीट होईल या भरवशावर राहू नका. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने फेरी-दीड फेरी पुरे. कॉक उघडायची दांडी योग्य दिशेला आली नाही म्हणून टेपर कॉक उलटा फिरवाल तर तो हमखास गळेल. काढा, आटे पुसा, पुन्हा लावा.

टेफ्लॉन टेपऐवजी आट्यांना लावायचं द्रव सीलंट वापरा. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो.

जुना प्लग न तापवता उपटणं

पन्नास वर्षांचा प्लग गंजाने ब्लॉकशी एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री गंजलेल्या आट्यांत झिरपणारं भेदक तेल सोडा. सकाळी प्लगभोवतीचा भाग गरम करा, पण आधी पेट्रोलच्या पाइपला गळती नाही ना ते तपासा आणि आग विझवायची सोय जवळ ठेवा. पाना थोडा पुढे, थोडा मागे असा चालवा. प्लगच्या डोक्याचा चौकोन झिजून गोल झाला की काम तिप्पट वाढतं.

प्लग निघाला, पण पाणी आलं नाही

इथे बरेच जण ब्लॉक रिकामा आहे असं समजून कॉक लावून टाकतात. तो रिकामा नसतो, भोकामागे गाळ दगडासारखा बसलेला असतो. जाड तार घालून हळूहळू टोकरा. आधी काळपट चिखल येईल, मग एकदम चहाच्या रंगाची धार सुटेल, म्हणून तोंड बाजूला ठेवा. हे टोकरणं आणि धुणं इंजिन पूर्ण थंड असतानाच करा. गरम ब्लॉकमध्ये धुण्यासाठी गार पाण्याचा पाइप कधीच घालू नका, ब्लॉकला चीर जाऊ शकते.

कॉकचं आतलं टोक फार लांब नको. ते सिलिंडरच्या भिंतीला टेकलं तर धारही येत नाही आणि भिंतीवर दाब येतो. नवा कॉक लावण्याआधी तारेने आतली खोली मोजा.

दांडीची दिशा

बंद असताना दांडी खाली लोंबकळली पाहिजे. वर राहिली तर हादऱ्यांनी पडते आणि रस्त्यात कॉक उघडतो.

भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट सावकाश ओता, हीटरची तोटी उघडी ठेवा, म्हणजे हवा अडकणार नाही. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात.

गाडी एकदा पूर्ण तापवा, थंड होऊ द्या आणि कॉकखाली रात्रभर कोरडा पुठ्ठा ठेवा. महिन्याभराने इंजिन थंड असताना कॉकमधून पेलाभर पाणी काढून उजेडात बघा. पुन्हा चहाचा रंग दिसला तर अजून एक धुणं बाकी आहे.