प्रसाविकेची मदत कशी घ्यावी

सोलापूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये कळा सुरू झाल्या की पूर्वी सुईणीकडे निरोप जात असे. आता तिच्या जागी नर्सिंगचे शिक्षण घेतलेली प्रसाविका येत असून, केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत परिचारिकेला १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण दिल्यावर गुंतागुंत नसलेली बाळंतपणे ती स्वतंत्रपणे हाताळू शकते.

पहिल्या १२ आठवड्यांत जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे आणि बाळंतपणापर्यंत किमान चार तपासण्या कराव्यात. विड्या वळणाऱ्या बाईने तंबाखूशी रोज येणारा संबंध पहिल्याच भेटीत सांगावा, कारण विचारल्याशिवाय ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही.

सातव्या महिन्यानंतर प्रसाविकेशी निवांत बोलावे: कळांच्या काळात चालता येईल का, कुशीवर किंवा उकिडवे बसून प्रसूती होऊ शकेल का, सोबत कोण थांबेल. उताणे झोपूनच बाळंत व्हावे, असा वैद्यकीय नियम नाही. ती बहुधा रुग्णालयाची सोय असते. सासूबाईंनाही या भेटीला न्यावे, म्हणजे घरी पुन्हा वाद होत नाहीत.

मात्र रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवल्यास प्रसाविकेच्या भेटीची वाट न पाहता १०८ वर फोन करून, शस्त्रक्रियेची सोय असलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय गाठावे.