नगर, मगर, गरज आणि माझं चुकलेलं सूत्र

शेवटच्या वर्षी ऐरोली ते वाशी लोकलमध्ये माझ्या मांडीवर कोडिंग इंटरव्ह्यूच्या तयारीची एक वही असायची. एलसीएस (दोन स्ट्रिंगमधली, म्हणजे अक्षरांच्या ओळींमधली, सर्वांत लांब सामायिक सबसिक्वेन्स; सबसिक्वेन्स म्हणजे क्रम न बदलता काही अक्षरं गाळून उरलेली ओळ), एडिट डिस्टन्स (एका स्ट्रिंगची दुसरी करायला लागणारे कमीत कमी बदल), पॅलिंड्रोमिक (उलटसुलट सारखीच वाचली जाणारी) सबसिक्वेन्स, सुपरसिक्वेन्स... प्रत्येकाला वेगळं पान आणि प्रत्येकाचा कोड पाठ. ही सगळी एकाच घरातली मंडळी आहेत हे फार उशिरा कळलं. आणि कळल्यावर मी जी घाई केली, ती महापेतल्या एका इंटरव्ह्यूत मला भोवली.

नाती पटकन सांगते. दोन्ही स्ट्रिंग ज्यात सामावतील अशी सर्वांत छोटी सुपरसिक्वेन्स हवी असेल तर लांब्यांची बेरीज करा आणि एलसीएस एकदा वजा करा. नुसती अक्षरं काढून-घालून एका स्ट्रिंगची दुसरी करायची असेल तर दोनदा वजा करा. पॅलिंड्रोमिक सबसिक्वेन्ससाठी स्ट्रिंगचा तिच्याच उलट्या रूपाशी एलसीएस काढा. (सबस्ट्रिंगसाठी, म्हणजे सलग तुकड्यासाठी, ही युक्ती वापरू नका, सापडलेला तुकडा पॅलिंड्रोम असेलच असं नाही.) वाढत्या क्रमाची सबसिक्वेन्ससुद्धा एलसीएसमधून निघते: अ‍ॅरेची सॉर्ट केलेली, डुप्लिकेट काढलेली प्रत घ्यायची. पण तिथे एन लांबीसाठी एन वर्गाऐवजी एन लॉग एन पायऱ्यांचा वेगवान रस्ता आहे, तोच धरा.

मी अडकले ते 'दोनदा वजा करा' इथे. विचारलं होतं लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे तेच एडिट डिस्टन्स, ज्यात अक्षर काढणं, घालणं किंवा बदलणं, प्रत्येकाची किंमत 1. एका शब्दाची अक्षरं आडवी, दुसऱ्याची उभी लिहून एकेक सेल भरायचं टेबल न मांडता मी सूत्र सांगून मोकळी झाले. समोरच्यांनी कागदावर लिहिलं: नगर, मगर. एलसीएस 'गर', म्हणजे 2. माझ्या सूत्रानं 3 + 3 − 4 = 2. खरं उत्तर 1, कारण 'न'चा 'म' केला की झालं. मी घाईघाईनं म्हटलं, मग दोननं भागायचं. त्यांनी दुसरी जोडी लिहिली: नगर, गरज. लांब्या त्याच, एलसीएस पुन्हा 'गर', पण अंतर 2: 'न' काढा, शेवटी 'ज' घाला. मी गप्प झाले.

या दोन जोड्या स्वतःच्या हातानं मांडून बघा. लांब्या समान, एलसीएस समान, तरी अंतर वेगळं. म्हणजे नुसत्या लांब्या आणि एलसीएसवरून लेव्हेनश्टाइन अंतर सांगणारं सूत्र असूच शकत नाही. फरक बदलीच्या किमतीत आहे. बदल 1 मध्ये होत असेल, तर अक्षरं न जुळणाऱ्या सेलमध्ये डावीकडचा, वरचा आणि तिरका असे तिन्ही शेजारी बघावे लागतात. बदलाला 2 लावा किंवा बदल करूच देऊ नका, की तिरक्याची गरज संपते आणि माझं सूत्र बरोबर ठरतं. प्रश्नात 'रिप्लेस' आहे का आणि त्याची किंमत काय, हे विचारल्याशिवाय पेन उचलू नका.

'चौदा पॅटर्न पाठ करा' छापाच्या याद्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. माझी गाडी रुळावर आणली ती एका सीनियर ताईनं. ती कोड बघायचीच नाही. म्हणायची, आधी टेबल भर, मग बोल. असं कोणी भेटलं तर सोडू नका.

आणि एन वर्गापेक्षा बरंच वेगवान काही सुचत नाही म्हणून रात्र जागू नका. 2015 साली बाकुर्स आणि इंडिक या संशोधकांनी दाखवलं की एडिट डिस्टन्स खरोखर एन वर्गाच्या खाली, म्हणजे 2 पेक्षा कमी घातावर, आणता आलं, तर सॅट प्रश्नाबद्दलचं (दिलेलं तर्कसूत्र खरं ठरवता येतं का, हा प्रश्न) एक मोठं गृहीतक कोसळेल. एलसीएसबद्दलही त्याच वर्षी तसंच सिद्ध झालं. तुमची बुद्धी कमी पडत नाहीये.

मराठी शब्दांवर सराव करणार असाल तर नगर-मगरसारखे बिनमात्रांचे शब्द घ्या. 'पाणी' डोळ्यांना दोन अक्षरं दिसतं, पण पायथॉन त्याची लांबी 4 सांगतो, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. त्यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.